वळणातून जाणारी तार : चोकअप काढण्याच्या स्प्रिंगची पार्श्वभूमी

कमोड तुंबला की प्लंबर एक वेटोळं घातलेली तार बाहेर काढतो. कुणी तिला नुसतंच ‘स्प्रिंग’ म्हणतं, कुणी ‘ड्रेन स्नेक’. कमोडसाठी खास बनवलेल्या, वर मूठ आणि खाली वाकडी नळी असलेल्या आखूड प्रकाराचं नाव ‘क्लोजेट ऑगर’. ऑगर म्हणजे सुताराचं गिरमिट. हे अवजार ढकलायचं नसून फिरवायचं असतं, हे त्या नावातच आलं आहे. या साध्या तारेमागे घड्याळजी, लोहार, अभियंते आणि नळजोडणी करणारे कारागीर अशा अनेकांची मिळून दोन-अडीचशे वर्षांची कामगिरी आहे. तिचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तारेपासून करून चालत नाही. आधी पाईपमधलं वळण समजून घ्यावं लागतं.

नाल्या सरळ होत्या तोवर अशा अवजाराचं काम पडत नव्हतं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडोमध्ये घरांचं सांडपाणी रस्त्याकडेच्या विटांच्या नालीत जाई. नालीवर विटांची किंवा दगडी फरशांची झाकणं असत आणि ती उचलता येत. गाळ खाली बसावा म्हणून मध्येमध्ये खड्डेही ठेवलेले होते. रोमची मुख्य गटारं तर इतकी प्रशस्त होती, की इ. स. पू. 33 मध्ये रोमन अधिकारी आग्रिप्पाने ती साफ करवून घेतली आणि नंतर होडीतून त्यांची पाहणी केली अशी नोंद आहे. या सगळ्या व्यवस्थांमध्ये माणूस, निदान त्याचा हात, घाणीपर्यंत पोचत होता. अडथळा दिसत होता, तो फावड्याने काढता येत होता. त्यात ज्यांना उतरावं लागे त्यांच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग वळण आलं. लंडनमध्ये काम करणारा स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने 1775 साली फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्याच्या रचनेत भांड्याखालचा पाईप इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकवलेला होता. प्रत्येक फ्लशनंतर त्या बाकात थोडं पाणी साचून राही आणि त्या पाण्याच्या बुचामुळे गटारातली दुर्गंधी घरात शिरत नसे. तीन वर्षांनी, 1778 मध्ये, जोसेफ ब्रामाने भांड्याच्या झडपेत सुधारणा केली. पुढे शतकभर झडपा बदलत राहिल्या, काही काळाने त्या गेल्याही, पण कमिंगचा बाक टिकला. आज आपण ज्याला ट्रॅप म्हणतो तो हाच. काही सेंटीमीटर पाणी आणि एक वाकडा पाईप एवढ्यावर घराचा दुर्गंधीपासून बचाव होतो. स्वच्छतेच्या इतिहासात इतक्या कमी सामानात इतकं मोठं काम दुसऱ्या कशाने साधलं असेल असं मला वाटत नाही.

पण जो बाक वायू अडवतो तो कपडा, केस, कागदाचा बोळाही अडवतो. शिवाय तिथे सरळ काठी पोचत नाही. ती पहिल्याच वळणावर पाईपच्या भिंतीला टेकते.

पुढचा बदल पाईपच्या आकारात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये या विषयावर मोठा वाद रंगला होता. एका बाजूला विटांची, माणूस आत चालू शकेल अशी गटारं बांधणारे अभियंते होते. दुसऱ्या बाजूला एडविन चॅडविक होता, 1842 चा सार्वजनिक आरोग्यावरचा प्रसिद्ध अहवाल लिहिणारा. त्याचं म्हणणं असं, की मोठ्या गटारात पाणी पसरतं, मंदावतं आणि गाळ मागे ठेवतं. गुळगुळीत, अरुंद पाईपात तेच पाणी वेगाने वाहतं आणि स्वतःच घाण पुढे नेतं. हेन्री डोल्टनने 1846 पासून लॅम्बेथमध्ये भाजलेल्या मातीचे झिलईदार पाईप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि चॅडविकच्या मताला माल मिळाला. 1858 च्या उन्हाळ्यातल्या भयंकर दुर्गंधीनंतर जोसेफ बॅझलजेटने शहराखालची मुख्य गटारं विटांचीच बांधली. घरापासून गटारापर्यंतच्या जोडण्या मात्र अरुंद पाईपांच्या झाल्या. गाळ काढायला तिथे माणूस शिरू शकत नव्हता, त्यामुळे अवजारालाच जावं लागणार होतं.

1880 च्या दशकात टॉमस ट्वायफर्ड आणि इतर कुंभारकाम करणाऱ्या कारखानदारांनी भांडं आणि ट्रॅप एकाच अखंड चिनी मातीत घडवायला सुरुवात केली. धुवायला सोपं, गळती नाही, सांधा नाही. मात्र बेसिनखालच्या शिशाच्या ट्रॅपला तळाशी एक पितळी बूच असायचं, ते उघडलं की कचरा हातात येई. चिनी मातीच्या बाकाला असं बूच नव्हतं. लोखंडी सळई घालावी तर भांडं तडकण्याची भीती. अवजार लवचीक हवं आणि त्याने चिनी मातीला ओरखडाही पाडता कामा नये, अशा दोन अटी त्या भांड्यामुळे तयार झाल्या.

तोवर हाताशी काय होतं? जमिनीखालच्या सरळ पाईपांसाठी बांबूच्या लांब कामट्या आणि मलाक्का वेताच्या काठ्या. वेताच्या प्रत्येक काठीच्या टोकाला पितळी आटे बसवलेले असत. एकात एक आवळत लांबी वाढवायची, पुढे रबरी चकती किंवा बूच काढण्याच्या मळसूत्रासारखं टोक लावायचं आणि चेंबरमधून आत सारायचं. या कामात एक नियम जिवापाड पाळावा लागे. काठी नेहमी आटे आवळले जातील त्याच दिशेने फिरवायची, ओढून काढतानाही. उलटी फिरवली की पाईपाच्या पोटात सांधा सुटतो आणि पुढच्या काठ्या आतच राहतात. आज काठ्या प्लास्टिकच्या झाल्या आहेत, नियम तोच आहे. वेत थोडा वाकतो, पण कमोडच्या दुहेरी बाकातून जाण्याइतका नाही. 1870 च्या दशकात अमेरिकेत लाकडी दांड्याचा रबरी पंप, म्हणजे प्लंजर, आला. मऊ अडथळा हलवायला तो आजही पहिला उपाय आहे. पाण्याच्या धक्क्याने न हलणाऱ्या वस्तूपुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

वाकून पुन्हा सरळ होणारी धातूची तार मिळण्यासाठी चांगलं पोलाद लागतं, आणि इथे पुन्हा एक घड्याळजी भेटतो. डॉनकास्टरच्या बेंजामिन हंट्समनला घड्याळांच्या स्प्रिंगसाठी मिळणारं पोलाद पसंत नव्हतं. त्याचे थर एकसारखे नसत. 1740 च्या दशकात शेफील्डजवळ त्याने पोलाद बंद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव करण्याची पद्धत बसवली. एकाच शतकात एका घड्याळजीने पाईपाला बाक दिला आणि दुसऱ्याने त्या बाकातून जाऊ शकेल असा धातू. दोघांची गाठ पडली नसेल, पण मला ही जोडी फार मोलाची वाटते. 1856 नंतर बेसेमरच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झालं आणि साध्या अवजारांसाठीही ते परवडू लागलं.

पोलादी तारेची घट्ट गुंडाळी करून तिच्यातून फिरकी पुढे पोचवायची कल्पनाही जुनी आहे. जेम्स नॅस्मिथ, पुढे वाफेच्या हातोड्यासाठी प्रसिद्ध झालेला अभियंता, 1829 साली तरुणपणी मॉडस्लीच्या लंडनमधल्या कारखान्यात काम करत होता. अडचणीच्या जागी भोक पाडता यावं म्हणून त्याने अशी गुंडाळीची लवचीक दांडी बनवली. पुढे दंतवैद्यांच्या ड्रिलमध्येही हेच तत्त्व वापरात आलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मूठ फिरवून चालवायच्या स्प्रिंगा प्लंबरच्या नेहमीच्या सामानात दिसू लागल्या.

ही तार का फिरवायची, हे नीट कळलं तर अवजार निम्मं हातात आलं. बारीक, लांब वस्तू टोकाकडून दाबली की ती बाजूला फुगून वाकते. 1744 मध्ये गणितज्ञ ऑयलरने याचं गणित मांडलं: लांबी दुप्पट झाली की वस्तू चौथाई भारातच वाकते. पाईपाच्या भिंती तारेला आधार देतात म्हणून ती कोलमडत नाही, पण मग तिला भिंतीचं घर्षण सोसावं लागतं. प्रत्येक वळणावर ते नुसतं वाढत नाही, पटीत वाढतं. होडीचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे दिला की एकटा माणूस होडी धरून ठेवतो, तेच इथे आपल्याविरुद्ध घडतं. दोन-तीन वळणांनंतर वरून कितीही जोर लावला तरी टोक जागचं हलत नाही.

फिरकी दिली की चित्र पालटतं. घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेला विरोध करतं. तार गोल फिरत असेल तर तिचा पृष्ठभाग मुख्यतः आडवा सरकतो, म्हणून घर्षणाचा बहुतेक जोर त्या फिरण्याला अडवण्यात खर्च होतो आणि पुढे जाण्याला थोडाच विरोध उरतो. बोटात रुतलेली अंगठी आपण फिरवत फिरवत काढतो, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय टोकाशी मळसूत्रासारखा आकडा असेल तर तो कपड्यात किंवा केसांच्या गुंत्यात शिरतो आणि अडथळा पुढे लोटण्याऐवजी मागे ओढून आणता येतो. गुंडाळीची दिशाही महत्त्वाची. आवळणाऱ्या बाजूने फिरवली की तार कडक होते, उलट फिरवली की गुंडाळी उलगडते, फुगते आणि पाईपात अडकते.

याच ताकदीत धोकाही आहे. टोक अडकलेलं असताना मूठ फिरवत राहिलं तर पीळ तारेत साठतो आणि एका क्षणी तार हातावर उसळते. म्हणून जाड हातमोजे घालावेत आणि टोक हलत नसेल तर थांबून पीळ उलगडू द्यावा.

कमोडच्या ऑगरमध्ये चिनी मातीची अट मोठ्या शहाणपणाने पाळली आहे. तार एका ताठ नळीतून जाते, नळीचं खालचं टोक वाकवलेलं असतं आणि त्या वाकड्या भागावर रबरी वेष्टण असतं. धातू भांड्याला घासत नाही आणि तारेचं टोक सरळ बाकाच्या तोंडाशी पोचतं. नेहमीच्या ऑगरची तार साधारण 90 सेंटीमीटर असते. कमोडच्या स्वतःच्या बाकापलीकडे ती फार जात नाही आणि तशी अपेक्षाही नाही. बेसिन आणि नहाणीसाठीची तार बारीक, डब्यात गुंडाळलेली आणि कित्येक मीटर लांब असते. तिला कमोडमध्ये घालू नये. ती आतल्या मोकळ्या जागेत दुमडते आणि भांडं खरवडते.

हाताच्या स्प्रिंगला जे जमत नव्हतं ते म्हणजे झाडांची मुळं. मातीच्या पाईपांच्या सांध्यांतून ओल झिरपते, मुळं तिकडे वळतात आणि आत शिरून जाळं विणतात. त्यावर जमीन खणण्यापलीकडे उपाय नसे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डे मॉइनमध्ये सॅम्युएल ब्लँकला 1927 साली मुलाच्या घरची तुंबलेली लाईन मोकळी करताना हा प्रश्न भेडसावला. वॉशिंग मशीनची मोटर, चाकं आणि पोलादी केबल जोडून, टोकाला पाती लावून त्याने एक यंत्र उभं केलं. 1930 च्या दशकात त्याचं पेटंट मिळालं. ‘रोटो-रूटर’ हे नाव त्याच्या पत्नीने सुचवलं. यंत्रात नवी होती ती मोटर आणि पाती. फिरणाऱ्या तारेचं तत्त्व हाताच्या स्प्रिंगचंच.

याच सुमारास रसायनंही घरोघर पोचली. 1923 मध्ये बाजारात आलेल्या ‘ड्रेनो’मध्ये कॉस्टिक सोड्याबरोबर ॲल्युमिनियम होतं. पाण्यात त्यांची क्रिया होऊन उष्णता निर्माण होते आणि चरबी विरघळते. पण अशी पावडर ओतूनही पाईप मोकळा झाला नाही, तर नंतर स्प्रिंग घालणाऱ्याच्या डोळ्यांत तेच पाणी उडू शकतं. आधी काय ओतलं आहे ते प्लंबरने विचारलं नाही तरी त्याला सांगायला हवं. हे मी आग्रहाने लिहितो आहे.

1992 च्या कायद्यानुसार अमेरिकेत 1994 पासून नव्या घरगुती कमोडचा फ्लश सुमारे 6 लिटरवर आणला गेला. पहिल्या काही वर्षांतल्या भांड्यांची रचना जुनीच, पाणी मात्र कमी, त्यामुळे ती तुंबत. 2003 मध्ये उत्तर अमेरिकेत भांड्यांची स्वतंत्र चाचणी सुरू झाली. तिच्यात सोयाबीनची पेस्ट भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जाते ते मोजतात. उत्पादकांनी ट्रॅपची वाट रुंद केली, आतूनही झिलई दिली, आणि तक्रारी कमी झाल्या. बाक मात्र कुणी काढू शकलं नाही. आता मोठ्या लाईनींमध्ये पाण्याचे जेट आणि कॅमेरे जातात, पण कॅमेऱ्याची केबल फिरवता येत नाही, नुसती ढकलावी लागते. त्यामुळे कमोडमागची लाईन पाहायची असेल तर बऱ्याचदा प्लंबर भांडं उचलून बाजूला ठेवतो आणि कॅमेरा खालच्या उघड्या पाईपात सोडतो.