लहान मोटारसायकलींचे इंजिन व इंधनबिघाड (मराठवाडा)

शंभर ते सव्वाशे सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकली सुरू न होणे, चालता चालता बंद पडणे, चढाला दम न धरणे, धूर सोडणे किंवा पेट्रोल जास्त खाणे, या तक्रारींचे मूळ शोधण्याची रीत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत डेअरीवर दूध घालायचे, मोंढ्यात भाव बघायला जायचे, पोरीला परीक्षेच्या गावी सोडायचे किंवा रात्री-बेरात्री दवाखाना गाठायचा, तर बहुतेक घरांत साधन हेच असते. गाडी उभी राहिली की घरचा दिवस मोडतो. म्हणून हे निदान फिटरइतकेच गाडी वापरणाऱ्यालाही यायला हवे.

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या. पहिली फोर स्ट्रोक, दुसरी पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी टू स्ट्रोक. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि पुढच्या काळात खेड्यापाड्यांत शंभर सीसीची फोर स्ट्रोक गाडीच रुळली. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, तसे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जाऊन बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन (विजेच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी व्यवस्था) आले. तालुक्याच्या गॅरेजात आज एकाच सकाळी शौकाने जपलेली टू स्ट्रोक, पंधरा वर्षांची कार्बोरेटरवाली आणि कालपरवा घेतलेली इंजेक्शनची गाडी शेजारी शेजारी उभ्या दिसतात. तिघींची लक्षणे सारखी वाटली तरी कारणे वेगळी निघतात.

निदानाचा क्रम : पेट्रोलचे इंजिन चालायला चार गोष्टी लागतात : योग्य मापाचे पेट्रोल, स्वच्छ हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. साधारण एक भाग पेट्रोलला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण ढळले की बाकीच्या तक्रारी सुरू होतात. या चारांपैकी काय नाही, एवढे आधी ठरवायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा. गाडी आली की पहिल्यांदा कार्बोरेटर खोलण्याची पद्धत सर्रास आहे. ती चुकीची आहे. बिघाड प्लगमध्ये असला तर त्या खोलाखोलीत एक चांगला बसलेला भाग उगीच हलतो, पॅकिंग फाटते आणि एका दुखण्याची दोन होतात. किल स्विच बंद राहिला आहे का, पेट्रोल कॉक कुठल्या बाजूला आहे, टाकीत खरोखर पेट्रोल आहे का, प्लगची टोपी सैल झाली का, हे आधी पाहावे. नव्या गाड्यांपैकी अनेकींचे इंजिन साइड स्टँड खाली असताना चालू होत नाही, तेही विसरू नये.

पेट्रोल : कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड कापून त्याखाली धरावे, कॉक चालू ठेवून स्क्रू सैल करावा. धार सरळ आणि सलग आली तर टाकीपासून वाटीपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. थेंब थेंब आले तर कॉकची जाळी, पाइप किंवा फिल्टर तुंबले आहे. धार आधी नीट येऊन हळूहळू बारीक झाली तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र पाहावे. बाटलीतले पेट्रोल दोन मिनिटे स्थिर ठेवून उजेडात पाहिले की बरेच उलगडते : तळाशी काचेच्या मण्यांसारखे गोल थेंब फिरताना दिसले तर ते पाणी, तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे.

पाणी येण्याच्या वाटा अनेक आहेत. पावसात उघड्यावर उभ्या गाडीचे झाकण नीट बसत नसेल तर पाणी थेट आत झिरपते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, २०२५ पासून २० टक्क्यांपर्यंत, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मुरते, पण जास्त झाले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. कॉक तिथूनच उचलतो. त्यामुळे टाकी भरलेली असूनही गाडी उठत नाही. अशा वेळी वरून ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी लागते. लातूर, धाराशिव आणि बीडच्या ऊसपट्ट्यातले साखर कारखाने या इथेनॉलला हातभार लावतात, तेव्हा ते वाईटच अशी ओरड करण्यात अर्थ नाही. मात्र एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधली रबरे त्या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. ती फुगलेली, चिकट किंवा तडकलेली दिसली तर बदलावीत. ॲव्हरेज थोडे उतरले म्हणून लगेच इंजिनलाही दोष देऊ नये. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते.

बाटलीत विकल्या जाणाऱ्या सुट्या पेट्रोलची गोष्ट वेगळी. पंप दूर असलेल्या गावात त्यावाचून गत्यंतर नसते हे खरे, पण त्यात रॉकेल आहे की काय, बाटली आधी कशाची होती, ते किती दिवसांचे, काहीच कळत नाही. रॉकेल असले तर धूर वाढतो, प्लग काळा पडतो, चढावर इंजिन खडखडते. पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपर मागता येतो : नोझलचे तोंड पुसून एक थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते. घनताही विचारता येते. १५ अंश सेल्सिअसच्या हिशोबाने ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलोग्रॅमच्या आत असावी. मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. हे मागायला संकोच वाटायचे कारण नाही, तो आपला हक्क आहे.

कार्बोरेटरच्या पायलट जेटचे (इंजिन स्लो चालताना पेट्रोल देणाऱ्या पितळी तुकड्याचे) भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. महिनाभर न हललेल्या गाडीत पेट्रोल उडून त्याचा चिकट थर राहतो आणि ते भोक बुजते. मग गाडी चोकवर चालते, चोक काढला की मरते, स्लो पकडत नाही. हा जेट क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा. त्यात पोलादी तार किंवा सुई घालणाऱ्या फिटरला थांबवावे. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की ती गाडी त्यानंतर जास्तच पेट्रोल पिते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपमधून पेट्रोल गळत असेल तर बहुधा फ्लोटच्या (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) निडलखाली कचरा अडकलेला असतो. वाटीला पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकले तर कधी कधी तो सुटतो. नाहीच सुटला तर गाडी उभी करताना कॉक बंद ठेवावा, नाहीतर पेट्रोल इंजिनात उतरते. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नये, आधी ऑइल बदलावे.

पाइप तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. कुणी गिळले असेल तर ओकायला लावू नये, सरळ दवाखान्यात न्यावे.

भर उन्हात बंद पडणे : मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना मांजरसुंब्याच्या घाटात किंवा गेवराईच्या सरळ रस्त्यावर गाडी गपकन बंद पडते, अर्धा तास लिंबाखाली उभी केली की पुन्हा चालू होते. गॅरेजात नेईपर्यंत ती ठणठणीत असते, म्हणून तक्रारीवर कुणी विश्वास ठेवत नाही. याची तीन वेगळी कारणे असतात आणि ती बंद पडल्याच्या जागीच ओळखावी लागतात, गाडी थंड होण्याआधी.

पहिले, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र. पेट्रोल खाली जाते तशी आत हवा यावी लागते. छिद्र मातीने किंवा गंजाने बंद झाले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर दोष तोच. कुंभारीण माशी कुठल्याही लहान नळीत मातीचे घर करते, त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीत हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या नळ्या जरूर पाहाव्यात.

दुसरे, पेट्रोलची वाफ. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात. तिघे बसून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, वाऱ्याच्या दिशेने हळू चाललेल्या गाडीचे इंजिन तापते आणि पाइपमध्ये बुडबुडे धरतात. पाइपवर व कार्बोरेटरवर ओले फडके ठेवले की फरक पडतो. तापलेल्या इंजिनवर पाणी मात्र कधी ओतू नये, सिलिंडरचे हेड वाकू किंवा तडकू शकते. पाइप इंजिनला टेकत असेल तर त्याची वाट बदलावी.

तिसरे, तापल्यावर करंट देईनाशी होणारी कॉइल किंवा सीडीआय (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारे भाग). आतली तार थंड असताना जोडलेली राहते, गरम झाली की तुटक होते. यासाठी गाडी बंद पडताच प्लग काढून ठिणगी पाहावी. ठिणगी नाही आणि वाटीत पेट्रोल पुरेसे आहे, तर शोध पेट्रोलकडे न्यायचाच नाही. या एका तपासणीअभावी अनेक गाड्यांचे कार्बोरेटर विनाकारण बदलले गेले आहेत.

ठिणगी आणि प्लग : प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा, प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरायचा आणि किक मारायची. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मलूल ठिणगीवर गाडी थंडीत उठणार नाही. आसपास पेट्रोल सांडलेले किंवा विडी पेटलेली नसावी. प्लगचे तोंड इंजिनाची अवस्था सांगते : फिक्या विटकरी रंगाचे ठीक, कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट काळे म्हणजे ऑइल वर येते आहे, पांढरे फटक म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा प्लग आढळला तर वारंवार किक मारून गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झाले आहे. कॉक आणि चोक बंद करून, प्लग पुसून, रेस पूर्ण उघडी धरून काही किका माराव्यात. प्लगमधले अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ते मिलिमीटरपेक्षा कमीच असते आणि डोळ्याच्या अंदाजाने नीट बसत नाही.

धूळ : मराठवाड्यातल्या इंजिनांचे आयुष्य धूळ कमी करते, असे ठामपणे म्हणता येते. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या गाडरस्त्यांवर पिठासारखी बारीक धूळ उडते, आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे चालताना ती थेट फिल्टरमध्ये जाते. तुंबलेल्या फिल्टरने गाडी काळा धूर सोडते, पिकअप जातो, ॲव्हरेज पडते. पुस्तिकेत दिलेली बदलण्याची मुदत बऱ्या रस्त्यांसाठी असते, इथे त्याआधीच फिल्टर पाहावा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, थोडे ऑइल लावून परत बसवता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र धुवायचाही नसतो आणि हवेने फुंकायचाही नसतो, तो बदलायचाच असतो. फिल्टर काढून टाकला की गाडी मोकळी पळते म्हणून तसाच चालवणारे आहेत. ती धूळ पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा घासते. फिल्टरचे पैसे वाचवताना इंजिनकामाचा खर्च ओढवतो.

नुसते ॲव्हरेज कमी असेल तर इंजिन खोलण्याआधी गाडी उचलून चाके हाताने फिरवून पाहावीत. ब्रेक चिकटत असेल, चेन कोरडी असेल, टायरमध्ये हवा कमी असेल तर कार्बोरेटरचा काही संबंध नसतो.

दाब : किक हलकी जाते, पायाला अडवणूक जाणवत नाही, ही खूण. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा किक मारावी. अडवणूक परत आली तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. आली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) टकटक वाजते तेव्हा लोक धावत येतात, पण जास्त धोका न वाजणाऱ्या, टाईट टॅपेटचा असतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम इंजिन सुरू होत नाही आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटचे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ते इंजिन थंड असताना, फीलर गेजने (अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) ठेवावे. आवाज बंद व्हावा म्हणून आवळून देणे हा उपाय नाही. निळा धूर सतत येत असेल तर ऑइल जळते आहे. थंडीत सकाळी काही क्षण दिसणारी पांढरी वाफ मात्र साधी आहे. टू स्ट्रोक गाडीत निळसर धूर थोडा असायचाच, तिथे सायलेन्सरमधला काजळीचा थर आधी काढून पाहावा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या : चावी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुमतो. तो आवाज आला नाही तर फ्यूज आणि बॅटरी पाहावी. बॅटरी पूर्ण उतरली तर किक असूनही ही गाडी चालू होईलच असे नाही, कारण पंप आणि ईसीयू (इंजेक्शन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोघांनाही वीज लागते. गाडी आडवी पडल्यावर उठवूनही सुरू होत नसेल तर गाडी कलल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरने इंजिन बंद केलेले असते. चावी बंद करून पुन्हा चालू करावी. सतत रिझर्व्हवर चालवणे टाळावे, पंप पेट्रोलनेच थंड राहतो. डॅशवरचा इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो, अंदाजाने सेन्सर बदलत बसणे महागात पडते.

इंजिनकाम : रिंगा-सिलिंडर झिजल्याचे पक्के झाले तर सिलिंडर बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन घालतात किंवा पूर्ण किट बदलतात. त्यावेळी एअर फिल्टरचा डबा आणि कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप तडकलेला नाही हे तपासावे, नाहीतर नवे सिलिंडरही त्याच वाटेने जाते. काम झाल्यावर सुरुवातीचे काही शे किलोमीटर गाडी एकसारख्या वेगात दामटू नये, जड ओझे लादू नये. पहिले ऑइल नेहमीच्या मुदतीआधी बदलावे आणि काढलेले ऑइल पसरट भांड्यात घेऊन उन्हात पाहावे. चमचमणारी बारीक भुकटी पहिल्या वेळी अपेक्षितच असते, पण बोटाला टोचतील असे कण आले तर गाडी त्याच फिटरकडे परत न्यावी.