लाकडाच्या स्टोव्हवरचे ते ६३ टक्के आले कुठून

अमेरिकेत बरीच वर्षं लाकडाच्या स्टोव्हच्या लेबलवर ६३ टक्के कार्यक्षमता छापलेली असायची, म्हणजे लाकडातली तेवढी उष्णता घराला मिळते असा दावा, तो आकडा कुठून आला ते बघू. लाकडाच्या स्टोव्हवर घर गरम करून पैसे वाचवायचे ही चर्चा बऱ्याच जणांना २०२२ पासूनची वाटते, युरोपात गॅसचे भाव भडकले आणि लोक सरपणाच्या मागे लागले तेव्हाची. पण हे सगळं आधी एकदा होऊन गेलंय आणि आत्ताचे बरेच घोळ तिथूनच आलेत. फार जुनं थोडक्यात सांगतो, अठराव्या शतकात स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई होती म्हणून १७६७ च्या सुमारास सरकारनेच कमी लाकूड खाणारी शेगडी बनवून घेतली, तिच्यात धूर सरळ वर न जाता विटांच्या आतल्या वळणांतून फिरायचा आणि तापलेल्या विटा कित्येक तास ऊब द्यायच्या. मग कोळसा आला, तेल आलं, लाकूड मागे पडलं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, बॅरलचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला, १९७९ मध्ये भाव परत भडकला. अमेरिकेत लोकांनी धडाधड स्टोव्ह बसवले. बहुतेक हवाबंद, जाड पत्र्याचे नाहीतर बिडाचे, हवेची झडप बारीक केली की रात्रभर धुमसत राहणारे. लाकूड पुरवून वापरायचं म्हणून लोक झडप अगदी मिटवूनच झोपायचे, आणि नेमकं तिथेच गणित फसायचं, कारण हवा कमी म्हणजे लाकडातून निघणारे वायू जळतच नाहीत, ते थंड धुराड्यात जाऊन काळा चिकट थर बनून बसतात. एखाद्या दिवशी आग मोठी झाली की तो थरच पेटतो आणि धुराडं विमानासारखं घोंघावायला लागतं. वर गावभर धूर, तो वेगळाच.

शेवटी १९८८ मध्ये अमेरिकेत देशपातळीवर नियम आला आणि माझ्या मते खरी गडबड इथे झाली. मर्यादा घातली ती तासाला किती ग्रॅम धूर यावर, १९९० पासून साध्या स्टोव्हला ७.५ आणि कॅटॅलिस्टवाल्याला, म्हणजे धुरातले वायू जाळायला मदत करणारा भाग बसवलेल्याला, ४.१. धूर कमी झाला हे खरं, ते नाकारायचं कारण नाही. पण गिऱ्हाईक स्टोव्ह घेत होतं बचतीसाठी आणि बचत मोजायची सक्तीच नव्हती! कंपनीने चाचणी केली नाही तरी लेबलवर कार्यक्षमतेचा ठरावीक आकडा छापता यायचा, साध्याला ६३ टक्के, कॅटॅलिस्टवाल्याला ७२, पेलेटवाल्याला, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळणाऱ्याला, ७८. म्हणजे दुकानात दोन वेगळे स्टोव्ह शेजारी ठेवलेत, दोन्हीवर ६३, आणि दोन्हीही मोजलेले नाहीत. धुराची चाचणीसुद्धा घरी जळतं तशा ओंडक्यांवर नाही, तर डग्लस फरच्या कापीव चौकोनी लाकडांवर, मध्ये फटी ठेवून खिळ्यांनी जोडलेल्या. त्यात अजून एक पळवाट, हवेचं प्रमाण इंधनाच्या ३५ पटीपेक्षा जास्त असेल तर स्टोव्ह नियमातच बसत नव्हता, मग जास्त हवा ओढणारे स्वस्त मॉडेल खुशाल विकले गेले आणि कमी पैसे असलेल्या माणसाने तेच घेतले. सरपण जास्त जाणार तेही त्याच्याच घरात.

हे बदलायला २०१५ उजाडलं. ठरावीक आकडे गेले, पळवाट बुजवली, मर्यादा आधी ४.५ आणि मे २०२० पासून २ ग्रॅम, खऱ्या ओंडक्यांवर चाचणी केली तर २.५. पुढे २०२३ पासून तीन वर्षं ३० टक्के करसवलत मिळाली, २००० डॉलरपर्यंत, अट एकच की कार्यक्षमता किमान ७५ टक्के. पण तीही कुठल्या हिशोबाने? घराला मिळालेल्या उष्णतेला लाकडातल्या एकूण उष्णतेने भागायचं, तर अमेरिकेत त्या एकूण उष्णतेत धुरातून वाफेबरोबर जाणारी उष्णताही धरतात, युरोपात ती सोडतात, त्यामुळे तोच स्टोव्ह युरोपच्या कागदावर जास्त चांगला दिसतो. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून स्टोव्ह निवडू नये.

युरोपात जानेवारी २०२२ पासून नव्या स्टोव्हला कार्यक्षमतेचे आणि धुराचे सगळीकडे एकच नियम लागले आणि लगेच गॅसचं संकट, सरपण आणि पेलेट दोन्ही महाग, त्यामुळे ज्यांनी त्या वर्षी घाईने स्टोव्ह घेतला त्यांची बचत बरीचशी सरपणवाल्याकडेच गेली. इंग्लंडने त्याआधीच, मे २०२१ पासून, लाकडालाच हात घातला होता, २ घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं तर ओलावा २० टक्क्यांच्या आत पाहिजे. वाळलेल्या किलोभर लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते आणि ताज्या तोडलेल्यात जेमतेम २, त्यामुळे स्टोव्ह कितीही भारी घेतला तरी ओलं लाकूड घातलं की निम्मे पैसे तिथेच जातात.