संगणकावरील दर्जेदार संगीतश्रवण

संगणकात साठवलेल्या ध्वनिमुद्रणातील अंकीय नमुने वाटेत न बदलता डॅकपर्यंत, म्हणजे अंकांचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणापर्यंत, पोहोचावेत यासाठी योग्य प्लेअर निवडणे आणि कार्यप्रणालीची ध्वनिव्यवस्था त्यानुसार लावून घेणे. नमुने जसेच्या तसे पोहोचले, तर त्या वादनाला ‘बिट-परफेक्ट’ म्हणतात. दोन वेगळे प्लेअर बिट-परफेक्ट वाजवत असतील, तर डॅकला दोघांकडून तेच अंक मिळतात. म्हणून ‘अमुक प्लेअरचा आवाज गोड’ या समजुतीवर पैसे खर्च करू नयेत. प्लेअर निवडताना संग्रह सांभाळण्याची सोय, टॅगची, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गायक, राग अशा माहितीची, हाताळणी आणि दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडण्याची क्षमता पाहावी.

नाशिकमधील घरगुती संग्रहांत सीडीवरून उतरवलेले शास्त्रीय गायन व नाट्यसंगीत, तबकड्या-कॅसेटवरून घेतलेली जुनी ध्वनिमुद्रणे आणि ढोलपथकांची मिरवणुकीतील ध्वनिमुद्रणे शेजारी-शेजारी आढळतात. या तिन्हींच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत.

सीडीचा नमुनादर, म्हणजे दर सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या, ४४.१ किलोहर्ट्झ; खोली, म्हणजे एका नमुन्यासाठी वापरलेले बिट, १६. दोन वाहिन्या धरून तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक स्वरूपात हीच माहिती काहीही न गमावता साधारण निम्म्या जागेत बसते, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर अडीच-तीन हजार तासांचे संगीत मावते. फ्लॅकच्या शून्य ते आठ या पातळ्यांचा आवाजाशी संबंध नाही. वरच्या पातळीवर फाइल थोडी लहान होते आणि तयार व्हायला वेळ अधिक लागतो, एवढेच. फाइलमध्ये मूळ ध्वनीची तपासबेरीज, म्हणजे अंकांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, साठवलेली असते, त्यामुळे डिस्क बदलल्यावर संपूर्ण संग्रह ‘टेस्ट’ करून बिघडलेल्या फाइल शोधता येतात. सीडी उतरवताना विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर ‘सिक्युअर’ पद्धतीने वापरावे आणि ॲक्युरेटरिप या, इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संचाशी पडताळा घ्यावा. चरे पडलेल्या सीडीवर साधे सॉफ्टवेअर चुकीचे नमुने मुकाट्याने भरून पुढे जाते. तानपुऱ्याच्या संथ सुरावर ती चूक बारीक टिचकीसारखी ऐकू येते.

विंडोजवरील मांडणी : एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमचे आवाज निघावेत म्हणून विंडोज सर्वांना मिक्सरमधून नेते. मिक्सरचा दर ४८ किलोहर्ट्झ असेल, तर सीडीच्या प्रत्येक १४७ नमुन्यांचे १६० करावे लागतात. हा फरक चांगल्या हेडफोनवरही अनेकांना ओळखू येत नाही, पण तो टाळायला खर्च नाही. वासापी या विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेतील ‘एक्स्क्लुझिव्ह’ पद्धत मिक्सरला वळसा घालते. ‘साउंड’ खिडकीत डॅकच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर एक्स्क्लुझिव्ह ताब्याची परवानगी द्यावी आणि ‘एन्हान्समेंट्स’ बंद करावीत. मग फूबार २००० या मोफत प्लेअरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘आउटपुट’खाली डॅकचे ‘एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलेले नाव निवडावे, खोली २४ बिट ठेवावी आणि डीएसपीची, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागांची, यादी रिकामी करावी. या पद्धतीत ब्राउझरचा आवाज त्या उपकरणातून येत नाही. उलट ब्राउझरने उपकरण आधीच धरून ठेवले असेल, तर प्लेअर ‘डिव्हाइस इन यूज’ असा संदेश देऊन थांबतो. अशा वेळी ब्राउझर बंद करावा.

आवाजाची पातळी प्लेअरमधून कमी केली, तर दर ६ डेसिबेलमागे एक बिट खर्च होतो. २४ बिटच्या मार्गावर १६ बिटचे संगीत २४ डेसिबेलने उतरवले, तरी लागतात २० बिट, म्हणजे काही हरवत नाही. १६ बिटच्या मार्गावर मात्र आलापातले मंद स्वर खरखरीत होतात. खोली २४ ठेवायची ती यासाठी.

नाशिक ढोल : काठीच्या आघाताचे शिखर सरासरी पातळीच्या खूप वर जाते, त्यामुळे मोबाइलवर घेतलेल्या मिरवणुकीच्या ध्वनिमुद्रणात शिखरे बहुधा आधीच छाटलेली असतात. ती कोणताही प्लेअर परत आणू शकत नाही. जे ध्वनिमुद्रण नीट घेतलेले पण कमाल पातळीपर्यंत चढवलेले असते, त्यात वेगळा धोका आहे. नमुनादर बदलताना किंवा एमपी३ उलगडताना दोन नमुन्यांमधले शिखर कमाल पातळीच्या वर जाते. विंडोजच्या मिक्सरमधील लिमिटर, म्हणजे कमाल पातळी ओलांडू न देणारा भाग, अशा वेळी आघात दाबतो आणि ढोल बोथट वाटू लागतो. एक्स्क्लुझिव्ह पद्धत वापरल्यास हा लिमिटर वाटेत येत नाही. इक्वलायझरने खालचे स्वर ६ डेसिबेलने वाढवायचे असतील, तर प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरमधील एकूण पातळीचे नियंत्रण, आधी उणे ६ डेसिबेलवर न्यावा. हे न केल्यामुळे फाटलेल्या आवाजाचे खापर पुष्कळदा स्पीकरवर फुटते. अशा फाइल व मंद गायन एकाच यादीत असतील, तर रिप्लेगेन वापरावे. ते नमुने फाइलमध्ये न बदलता टॅगमध्ये फक्त पातळीचा आकडा लिहून ठेवते.

लिनक्स व मॅक : लिनक्सवर एमपीडी या प्लेअरला आल्सा या ध्वनिव्यवस्थेच्या ‘एचडब्ल्यू’ (हार्डवेअर) उपकरणावर थेट सोडले की मिक्सर उरत नाही. पाइपवायर ही मिक्सर असलेली व्यवस्था वापरायची असल्यास तिच्या मान्य दरांच्या यादीत ४४,१०० आणि ४८,००० दोन्ही लिहावेत, नाहीतर सर्व काही ४८ वर जाते. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दर तपासावा. फाइलप्रमाणे तो आपोआप बदलेलच असे धरू नये.

खंड आणि टिचक्या : विंडोजवर एएसआयओ हा मिक्सर टाळणारा ड्रायव्हर वापरताना बफर, म्हणजे वाजवण्याआधी नमुने साठवण्याची जागा, ६४ नमुन्यांवर ठेवण्याची चूक सर्रास होते. सीडीच्या दराने हा वेळ दीड मिलिसेकंदाहूनही कमी भरतो. एवढा लहान बफर वाजवता-वाजवता ध्वनिमुद्रण करणाऱ्याला हवा असतो. ऐकणाऱ्याने १०२४ किंवा २०४८ ठेवावा. तरीही टिचक्या आल्या, तर लेटन्सीमॉन हे तपासणीचे सॉफ्टवेअर अर्धा तास चालवून कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते पाहावे. बहुतेक वेळा वाय-फाय किंवा बॅटरीचा ड्रायव्हर निघतो. डॅक यूएसबी हबऐवजी थेट पोर्टला जोडावा आणि ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही यूएसबी उपकरणांना झोपवणारी सोय बंद करावी. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा लॅपटॉपचा पंखा आलापापेक्षा मोठ्याने वाजू लागतो. संगणक ऐकण्याच्या जागेपासून लांब ठेवून मोबाइलवरून चालवणे हा यावरचा साधा उपाय आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना घुमणारा आणि बॅटरीवर नाहीसा होणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट अर्थिंगच्या फेऱ्यामुळे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वीज फिरत राहिल्यामुळे, येतो. त्याला सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डवर लावावीत, अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

जुनी ध्वनिमुद्रणे : गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे उत्तरायुष्यात नाशिकच्या पंचवटीत वास्तव्य होते आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर (१९२१–५५) यांचे गायन येथील संग्रहांत आवर्जून जपले जाते. तो काळ एकवाहिनी ध्वनिमुद्रणाचा आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. असे ध्वनिमुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेणे खरखर काढण्याच्या कामात उपयोगी पडते, ऐकण्याच्या प्रतीला सीडीचा दर्जा पुरतो. दोन्ही वाहिन्या तंतोतंत सारख्या असतील, तर फ्लॅक त्यांतला फरक शून्य म्हणून साठवते आणि फाइल आपोआप लहान होते. एमपी३चीच फ्लॅक करून दिलेली प्रत वर्णपटात, म्हणजे आवाजातील कंप्रता दाखवणाऱ्या चित्रात, उघडी पडते, कारण १६ किलोहर्ट्झच्या आसपास ती सरळ रेषेत कापलेली दिसते. आकाशवाणीच्या एफएम प्रसारणावरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात मात्र १५ किलोहर्ट्झला कापलेली रेषा असणे स्वाभाविक आहे, तिच्यावरून प्रत खोटी ठरवू नये.

देवनागरी टॅग : फ्लॅकमधील टॅग युनिकोडमध्ये असतात, पण रकान्याचे नाव रोमनमध्येच द्यावे लागते. राग, ताल, साथ यांसाठी रोमन नावाचे स्वतंत्र रकाने करून आतला मजकूर देवनागरीत लिहावा. ‘पं.’ ही उपाधी एकाच गायकाच्या काही फाइलना लावली आणि काहींना नाही, तर प्लेअर दोन गायक दाखवतो. ‘रवींद्र’ आणि ‘रविंद्र’ यांचेही तसेच. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेले जुने टॅग निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसतात, ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. फाइलचे नावही आखूड ठेवावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते, त्यामुळे काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हांतच नाव संपते. विंडोजवर चाललेला संग्रह लिनक्सच्या साठवण-यंत्रावर हलवताना लांब नावांच्या फाइल याच कारणाने अडतात.

पडताळणी : डॅकवर दर दाखवणारा पडदा असेल, तर सीडीची फाइल वाजताना ४४.१ दिसला पाहिजे. पडदा नसल्यास आणि जोडणी एव्ही रिसीव्हरला असल्यास डीटीएस (सराउंड ध्वनीची एक सांकेतिक पद्धत) संकेत असलेली वेव्ह फाइल वाजवावी. नमुने अबाधित असतील तरच रिसीव्हर डीटीएस ओळखतो. नमुने बदललेले असतील तर जोरदार खसखस ऐकू येते, म्हणून ही चाचणी आवाज अगदी लहान ठेवूनच घ्यावी.