अंबाडीची चटणी हिरवी का राहत नाही?

अंबाडीचा पाला कढईत पडला की दोन मिनिटांत त्याचा हिरवागार रंग जाऊन शेवाळी होतो, बऱ्याच जणांना वाटतं पाला जुना होता, पण तसं काही नसतं हो, हे सगळं आंबटपणाचं काम. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, उष्णतेने पेशी फुटल्या की पानातलं आम्ल तिथवर पोचतं, मॅग्नेशियम निघतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो, झाला रंग मळकट. काही जण रंग टिकवायला चिमूटभर सोडा टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. रंग राहतो खरा पण आंबटपणा मरतो आणि क जीवनसत्त्वही जास्त जातं.

अंबाडी ही जास्वंद, भेंडी, कापसाच्या कुळातली. पाला खायचा आणि खोडाच्या वाखाचे दोर वळायचे, शेतकऱ्याला दोन्ही कामाचं. ऋषिपंचमीच्या भाजीत ती पडते, एरवी ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी देतात. चटणीला पाला तेलात परतून लसूण, मिरची, शेंगदाण्याचं कूट आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचायचा, मिक्सरमध्ये अगदी गंध करू नका.

आंध्र-तेलंगणात हीच गोंगुरा पच्चडी, आणि तिकडे गोंगुऱ्याचं लोणचं घालून महिनोन्‌महिने ठेवतात. ते टिकतं तेलामुळे असं आपण म्हणतो, पण नुसत्या तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंना नेमकं तेच हवं असतं. त्यांना अडवतं ते आम्ल, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली ते वाढत नाहीत, शिवाय मीठ आहेच. म्हणून बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्या, बिनकल्हईच्या पितळेत तर ही चटणी ठेवूच नका, आम्लाने तांबं उतरतं.

राहिलं लोह. "अंबाडी खा, रक्त वाढेल" हे अर्धंच खरं आहे. लोह असतं, पण पालेभाजीतलं लोह अंगी थोडंच लागतं. क जीवनसत्त्व सोबत असलं तर जास्त लागतं, पण ते शिजवताना बरंचसं जातं, म्हणून वरून लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. पाल्यात ऑक्झॅलिक आम्लही असतं, ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पाला उकडून पाणी फेकून द्यावं, थोडीच खावी, आणि डॉक्टरांना विचारून.