भविष्यनिर्वाह निधी : कायदेशीर संरक्षण

कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी व तितकीच मालकाची भर यांतून साठणारी रक्कम मालकाच्या, सावकाराच्या किंवा बँकेच्या हाती पडू नये, म्हणून भारतीय कायद्याने केलेल्या तरतुदी. बोलीभाषेत या निधीस ‘पीएफ’ म्हणतात.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ च्या सुमारास निवृत्तिवेतन निधी सुरू झाल्याचे सांगितले जाते. तथापि ती मालकाच्या मर्जीवरची योजना होती. कायद्याने बांधलेल्या निधीची ती सुरुवात मानणे कठीण. १९२५ च्या कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिले ते मुख्यतः सरकारी व रेल्वे निधींना. गिरणी कामगारांना १५ नोव्हेंबर १९५१ च्या वटहुकमापर्यंत थांबावे लागले. त्याची जागा घेणारा १९५२ चा अधिनियम आरंभी कापड, कागद, सिमेंट, सिगारेट, लोखंड-पोलाद व अभियांत्रिकी या सहा उद्योगांपुरताच होता.

या अधिनियमाच्या कलम १० नुसार खात्यातील रक्कम न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही जप्त होत नाही. कलम १२ मुळे वर्गणीचे निमित्त करून मालकाला पगार घटवता येत नाही. कापलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे.

खरा वाद कलम ११(२) चा. मालकाकडील थकबाकीचा पहिला बोजा आस्थापनेच्या मालमत्तेवर राहील व ती अन्य सर्व कर्जांआधी फेडली जाईल, असे हे कलम सांगते. १९८८ च्या दुरुस्तीने मालकाची वर्गणीही त्यात आली. पण माल आधीच बँकेकडे तारण असेल तर? महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माल तारण घेणाऱ्याचा हक्क वरचढ, हे बँकेचे म्हणणे २००९ मध्ये फेटाळले गेले; थकबाकीवरील कलम ७क्यू खालील व्याज व ती थकवल्याबद्दलच्या १४बी खालील नुकसानभरपाईलाही अग्रक्रम मिळाला. व्याज व भरपाई वगळणारा अर्थ लावला असता तर मालकाला हप्ते थकवणेच परवडले असते, हे पाहता हा निर्णय अधिक सयुक्तिक वाटतो.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने भविष्यनिर्वाह, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी निधींतील कामगारांचे देणे अवसायनातील (कंपनी गुंडाळताना धनकोंत वाटायच्या) मालमत्तेबाहेर ठेवले आहे. मात्र मालकाने ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र निधी काढलाच नसेल, तर ही तरतूद कितपत लागू पडते याविषयी न्यायाधिकरणांचे निर्णय एकसारखे नाहीत.