पर्यटन आणि यजमान समाजाच्या परंपरा

पर्यटक जिथे जातात तिथल्या रहिवाशांना पर्यटनशास्त्रात ‘यजमान समाज’ म्हणतात. पर्यटकांच्या वावरामुळे या समाजाच्या कला, सण, विधी आणि रोजच्या व्यवहारात होणारे बदल हा या नोंदीचा विषय.

बदल बहुधा वेळेपासून सुरू होतो. रात्रभराचा विधी तासाभरात आटोपतो आणि ठरलेल्या तिथीऐवजी सहलींच्या वेळापत्रकाप्रमाणे होऊ लागतो. आवाहन, पुनरावृत्ती, दीर्घ प्रतीक्षा हे पाहुण्यांना कंटाळवाणे वाटणारे भाग आधी गळतात. विधीचा अर्थ पुष्कळदा त्यांतच असतो. तरुणांनी फक्त छोटी आवृत्ती शिकली, तर जाणकार गेल्यावर मूळ क्रम हाती लागत नाही. हस्तकलेत वस्तूचा आकार प्रवासी पिशवीत मावेल इतका होतो. मात्र गिऱ्हाईक आटलेली कलाही याच मागणीवर तगते, हे विसरता कामा नये.

स्पेनमधील ओंदारिबिया येथे १६३८ च्या वेढ्यातील विजयाच्या स्मरणार्थ ‘आलार्दे’ ही मिरवणूक निघते. सर्व प्रेक्षकांना ती पाहता यावी म्हणून १९६९ मध्ये नगरपालिकेने ती एकाच दिवशी दोनदा काढायचे ठरवले. दोन वर्षांतच गावकरी भाग घेईनात आणि त्यांना मोबदला देण्याची भाषा सुरू झाली. मानवशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीनवुड यांनी हे टिपले. पुढे याच मिरवणुकीला राजकीय संदर्भातून नवा अर्थ आल्याचेही त्यांनीच नमूद केले.

इंडोनेशियातील बालीमध्ये १९७१ च्या परिसंवादात नृत्यांचे तीन वर्ग ठरले: मंदिराच्या आतल्या अंगणातील ‘वाली’, समारंभाला जोडलेले ‘बेबाली’ आणि करमणुकीचे ‘बालिह-बालिहान’. पहिला वर्ग पर्यटकांपुढे विकायचा नाही, हा त्यामागचा हेतू. पण वर्गवारी प्रत्यक्षात तितकी पक्की राहत नाही. मंदिरातील ‘पेंडेट’ नृत्य स्वागतासाठी वापरले जाऊ नये म्हणून त्याच्याच हालचालींवरून ‘पन्येम्ब्रामा’ हे स्वागतनृत्य रचले गेले, आणि कालांतराने तेही मंदिरात नाचले जाऊ लागले.

पाहुण्यांना ‘आतले खरे जीवन’ म्हणून जे दाखवले जाते, तेही पुष्कळदा मांडणीच असते, असे समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये दाखवले. पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये स्थानिकांच्या भावनांचे उत्साह, उदासीनता, चीड आणि वैर असे टप्पे सांगितले. ही शिडी सोयीची, पण ढोबळ आहे. खोल्या भाड्याने देणारा आणि त्यामुळे घरभाडे न परवडणारा शेजारी एकाच वेळी एकाच पायरीवर नसतात.

नुकसान केवळ पैशामुळे होते असे नाही. तारीख, लांबी, जागा आणि छायाचित्रणाची मुभा कोण ठरवतो, यावर बरेच अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील उलुरू हा खडक तिथल्या मूळ रहिवासी आनांगू लोकांना पवित्र आहे. त्यांना जमिनीची मालकी १९८५ मध्ये परत मिळाली, पण ती लगेच राष्ट्रीय उद्यानासाठी भाडेपट्ट्याने द्यावी लागली. ‘चढू नका’ ही त्यांची विनंती अनेक वर्षे डावलली गेली. चढाई कायमची बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी.