पाळण्यातल्या मुलाचा हक्क: शून्य ते सहा वयोगटाची पार्श्वभूमी

ज्यांच्या घरात नुकताच पाळणा हलला आहे, ते आई-बाप निवडणुकीच्या निकालाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. नव्या सरकारची पाच वर्षं म्हणजे बाळाचं शाळेत जाण्याआधीचं जवळपास सगळं आयुष्य. लसीकरण, अंगणवाडी, आईची रजा, पाळणाघर, बालवाडीची फी, या सगळ्याचे निर्णय त्याच मुदतीत व्हायचे असतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर अशा अपेक्षा जास्तच होत्या, कारण थेट खात्यात पैसे जमा करणाऱ्या योजनांनी सगळा प्रचार व्यापला होता. पण सहा वर्षांखालच्या मुलाला सरकारकडून काय मिळणार, हे दर निवडणुकीला नव्याने का ठरतं? त्याचं मूळ २००२ च्या एका घटनादुरुस्तीत आहे.

मूळ घटनेतलं ४५ वं कलम साधं होतं. घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं त्यात म्हटलं होतं. वयाची वरची मर्यादा दिली होती, खालची नव्हती. हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हतं. १९६० मध्ये मुदत उलटली आणि पुढची तीन दशकं त्याचा फारसा कुणी पाठपुरावा केला नाही. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचू लागली. ती योजना म्हणून आली आणि योजना म्हणूनच राहिली.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असा निकाल दिला. तिथेही खालची मर्यादा नव्हती. निकालाचं शब्दशः पालन करायचं तर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या संगोपनाची आणि पूर्वशिक्षणाची जबाबदारी सरकारवर आली असती. त्यानंतर सरकारने घटनेतच दुरुस्ती करायचं ठरवलं. १९९७ मध्ये पहिलं विधेयक आलं, ते अडकलं. २००१ मध्ये दुसरं आलं. दोन्हींत हक्काचा वयोगट सहा ते चौदा असाच होता.

हा सहाचा आकडा कुठून आला, यावर तेव्हा खूप वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. सरकारी बाजूचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पहिलीचा वर्ग सहाव्या वर्षी सुरू होतो, शाळा आणि शिक्षक त्याच हिशेबाने आहेत, त्याखालच्या मुलांसाठी सक्ती करायची तर यंत्रणाच नाही. खर्चाचाही प्रश्न होता. सहा ते चौदा वयोगटासाठीच दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये जादा लागतील, असा अंदाज १९९९ मध्ये एका तज्ज्ञ समितीने दिला होता. त्यात शून्य ते सहाची मुलं घातली असती तर विधेयक आणखी काही वर्षं रखडलं असतं, असं समर्थक सांगत. या युक्तिवादात तथ्य नव्हतं असं म्हणता येत नाही.

विरोधातला मुद्दा मात्र अधिक खोल होता आणि आज तो अधिक पटतो. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने पहिल्या काही वर्षांत होते. त्या काळात पोषणात मागे पडलेलं मूल पहिलीत येतं ते आधीच दमलेलं असतं. दुसरा मुद्दा घराघरात दिसणारा होता. आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते. धाकट्याला पाळणाघर नसेल तर आठ वर्षांच्या थोरलीला दिलेला शाळेचा हक्क कागदावरच राहतो. म्हणजे शून्य ते सहाची मुलं वगळली की सहा ते चौदामधल्या मुलींचाही हक्क अर्धा होतो. संसदेत ही मागणी वेगवेगळ्या बाकांवरून झाली, बाहेर मोर्चे निघाले.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी लोकसभेने विधेयक मंजूर केलं. आकडा सहाच राहिला. योगायोग असा की त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या याचिकेत अंतरिम आदेश देऊन सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून पूरक आहार देण्यास आणि प्रत्येक वस्तीला आहार केंद्र देण्यास राज्यांना सांगितलं. संसदेने ज्या मुलांना हक्काबाहेर ठेवलं, त्यांना न्यायालयाने त्याच दिवशी आहाराच्या वाटेने आत घेतलं. पुढची वीस वर्षं या वयोगटाचा सगळा प्रवास याच दोन वाटांच्या ओढाताणीत झाला.

डिसेंबर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदासाठी शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं २१-क हे नवं कलम आलं. ४५ वं कलम बदलून त्यात सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि पूर्वशिक्षण ठेवलं, पण पुन्हा ‘प्रयत्न करील’ याच भाषेत. आणि पालकांवर आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं मूलभूत कर्तव्य टाकलं, तेही सहा ते चौदा याच वयासाठी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अकराव्या कलमात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी व्यवस्था करायचं शासनाच्या मर्जीवर सोडलं आहे. बंधन नाही म्हणून मुदत नाही, आणि मुदत नाही म्हणून जाब विचारायला जागा नाही.

न्यायालयाच्या वाटेने मिळालं ते जास्त ठोस होतं. डिसेंबर २००६ च्या आदेशाने अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर नेण्यास सांगितलं. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची, असंही ठरलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार, आणि गरोदर व स्तनदा मातांना किमान ६ हजार रुपयांचं मातृत्व साहाय्य कायद्यात लिहिलं.

३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, पाच राज्यांच्या निवडणुका तोंडावर असताना, हे साहाय्य देशभर देण्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात २०१७ मध्ये योजना आली ती ५ हजारांची आणि पहिल्याच अपत्यासाठी. दुसरी मुलगी झाली तर ६ हजार, ही भर २०२२ मध्ये पडली. कायद्यात अशी अट नव्हती. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, नोकरदार आईची पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. शेतात, वीटभट्टीवर, घरकामाला जाणाऱ्या आईला त्या रजेचा काही उपयोग नव्हता, आणि बहुसंख्य आया त्याच.

महाराष्ट्रात मुलीच्या जन्माभोवतीच्या योजना पाहिल्या की निवडणूक आणि पाळणा यांचं नातं स्पष्ट दिसतं. १ जानेवारी २०१४ पासून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या मुलींसाठी एक योजना होती. शासन मुलीच्या नावे २१,२०० रुपये गुंतवणार होतं आणि अठराव्या वर्षी एक लाख मिळणार होते. सरकार बदललं, २०१६ मध्ये नवी योजना आली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिचे निकष बदलले: एका मुलीनंतर कुटुंबनियोजन केलं तर ५० हजार, दोन मुलींनंतर केलं तर प्रत्येकीला २५ हजार. २०२३ मध्ये तिसरी आली. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये. सारख्याच परिस्थितीतल्या तीन मुलींना तीन वेगळे नियम लागू शकतात, फक्त जन्मतारखेमुळे. अठरा वर्षांचं आश्वासन दर काही वर्षांनी मोडून नवं लिहिलं जातं, ही गोष्ट जाहिरातींच्या फलकांवर दिसत नाही.

२०२४ मध्ये महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजना आली आणि प्रचारात २,१०० चं आश्वासन आलं. हे पैसे बऱ्याच घरांत बाळाच्या दुधाला आणि औषधाला लागले असणार, ते नाकारायचं कारण नाही. पण याच राज्यात डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या, अंगणवाड्यांना कुलपं होती, आणि त्या कुलपांची चर्चा प्रचारात झाली नाही.

अंगणवाडीत नेमकं काय चालतं हे पाहिलं तर या कुलपांचा अर्थ कळतो. सेविका दर महिन्याला बाळाचं वजन करते आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका देते. ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात सरकला की आईला बोलावून घेते, त्याहून खाली गेला की आरोग्य केंद्रात पाठवते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार तीच वाटते. सरकारी मोबाइल सतत बंद पडत होते आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत होतं, म्हणून २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल परत केले होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचं सांगितलं, तरी त्यांचा मोबदला आजही मानधनच आहे. मुलाचा हक्क योजना म्हणून राहिला, तसं त्याला सांभाळणाऱ्या बाईचं कामही सेवा म्हणूनच राहिलं.

हक्क म्हणून लिहिलेली गोष्ट वेगळी वागते, याचं उदाहरणही २०२४ मधलंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली. पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि जुलैमध्ये तो बदल रद्द झाला. प्रवेश लांबले, पण जागा परत मिळाल्या. अंगणवाडी महिनाभर बंद राहिली तर तीन वर्षांच्या मुलाच्या आईला २१-क कलमाचा आधार घेता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार पूर्वशिक्षण द्यायचं ठरवलं. धोरणासोबत शिक्षण हक्क कायद्यातलं वय मात्र खाली आलं नाही. राज्याच्या नियमानुसार पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या निकालाच्या आठवड्यात जन्मलेलं मूल जून २०३० मध्ये पहिलीत बसेल. २१-क कलमाच्या कक्षेत ते येईल त्याआधी, नेहमीच्या वेळापत्रकाने, २०२९ मध्ये लोकसभेची आणि विधानसभेची आणखी एक निवडणूक होऊन गेलेली असेल.